टायटॅनियमसाठी ऑइल घेताना डब्यावरचा आकडा बघू नका
नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतले ओळखीचे लोकं टायटॅनियमचा जॉब आला की फोन करून विचारून राहिले, कोणतं कटिंग ऑइल टाकू, आणि सोबत डेटाशीटचा फोटो, फोर-बॉल टेस्टचा वेल्ड लोड बघा किती भारी आहे म्हणून. अरे पण ती टेस्ट स्टीलच्या बॉलवर होते ना! खाली तीन बॉल, वर एक फिरता, लोड वाढवत न्यायचा आणि कधी चिकटतात ते बघायचं, तोच वेल्ड लोड. तेलात मिसळलेलं ॲडिटिव्ह, म्हणजे सल्फर, क्लोरीन, फॉस्फरस, तापलं की लोखंडाशी रिॲक्शन करतं, पातळ थर बसतो, धातूऐवजी तो थर घासला जातो. ग्रेड ५, म्हणजे नेहमी वापरात येणारं टायटॅनियम, त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम, बाकी जवळपास सगळं टायटॅनियम, लोखंड नावापुरतं, मग तो थर बसणार कशावर?

क्लोरीनवाली तेलं टायटॅनियमवर चालतात, खोटं नाही. पण क्लोराइड पार्टवर राहिलं आणि पार्ट पुढे ताणात असताना तापला तर क्रॅक जाऊ शकतो, म्हणून विमानाच्या कामात बरेच कस्टमर ते चालूच देत नाहीत. ड्रॉइंगसोबतची अट आधी वाचा.

आता टर्निंग, म्हणजे लेथवरचं काम. टायटॅनियम उष्णता पुढे नेतच नाही, साध्या कार्बन स्टीलच्या सातव्या-आठव्या भागाएवढीच नेतं, त्यामुळे सगळी गरमी इन्सर्टच्या (कापणाऱ्या कार्बाइडच्या तुकड्याच्या) टोकाशी साचते आणि चिप जिथे दाबून बसलेली असते तिथे कितीही महागडं ॲडिटिव्ह असलं तरी ते आत शिरतच नाही. तिथे प्रेशर आणि नोझलचा नेम कामाचा, जमलं तर ७० बार. घासलेला इन्सर्ट भिंगाखाली धरा, कडेला चकचकीत टायटॅनियम चिकटलेलं दिसतं, आणि ते निघताना कार्बाइडचा कपचाही सोबत घेऊन जातं.

ॲडिटिव्हचा खरा पैसा वसूल होतो तो टॅपिंग (भोकात आटे पाडणं) आणि रीमिंगमध्ये (भोक नेमक्या मापाला आणणं). स्पीड कमी, तेलाला आत जायला वेळ मिळतो, आणि टायटॅनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट लवचिक, कापलेली भिंत परत आत येऊन टॅपला आवळते. उलटा फिरवताना कर्रर्र आवाज आला की समजायचं. इथे एस्टर, फॅटी ॲडिटिव्हवालं ऑइल द्या, फरक हाताला कळतो. तुलना करायचीच असेल तर त्याच टायटॅनियमवर टॅपिंग टॉर्क मोजा, वेल्ड लोड सोडा.

आणि नागपूरचं पाणी! पाण्यात मिसळून वापरायचं कूलंट असेल तर बोअरचं जड पाणी टाकलं की इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं दुधासारखं मिश्रण, फाटतं, टाकीवर साय येते, ॲडिटिव्ह त्या सायीतच जातं. मे महिन्यात ४५ डिग्रीत पाणी उडतं आणि कॉन्सन्ट्रेशन वर चढतं, तेव्हा पातळ मिक्सनेच टॉपअप करा. कॉन्सन्ट्रेशन मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये निळी रेघ पुसट दिसली तर मशीनच्या स्लाइडवेचं (सरकत्या पट्ट्यांचं) ऑइल मिसळलंय, आधी वरचं तेल काढणारा स्किमर चालवा, मग रीडिंग घ्या.