डब्यातला पुडा

आज सकाळी उठायलाच उशीर, पोळ्या राहिल्या, मग लेकीच्या डब्यात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा टाकला आणि पाठवली शाळेत. संध्याकाळी गंगापूर रोडला दुकानात रांगेत उभी होते तर सहज तसलाच पुडा उलटा करून वाचला. मैदा, साखर, पामतेल, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर, फ्लेवर... अक्षरं एवढी बारीक की डोक्यावरचा चष्मा खाली आणावा लागला, आणि क्रीम म्हणतात त्यात दुधाचं नावच नाही हो!

यालाच अल्ट्रा प्रोसेस्ड म्हणतात, म्हणजे कारखान्यात खूप प्रक्रिया करून बनवलेलं खाणं. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी खाण्यावर किती प्रक्रिया झालीय त्यावरून ही वर्गवारी मांडली. मला पटला तो २०१९ चा अमेरिकेतला प्रयोग, २० जणांना दोन आठवडे असलं खाणं आणि दोन आठवडे साधं, समोर ठेवलेल्या जेवणात साखर, मीठ, फायबर सारखंच, फक्त हवं तेवढं खा म्हणाले. तर असल्या खाण्यावर माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, वजनही जवळजवळ किलोभर वाढलं. खायचा वेगसुद्धा जास्त होता म्हणे. असणारच, ते चावायला लागतंय कुठे, चहात बुडवलं की गेलं.

घरी आले तर सासूबाई शेंगदाणे भाजत बसलेल्या, सगळ्या घरात खमंग वास. लेकीचा डबा उघडला, पुडा फस्त, नुसता चुरा खाली, आणि बाईसाहेब म्हणतायत आई भूक लागलीय. उद्या दाण्याचा लाडू देते म्हटलं तर तोंड वाकडं केलं. बघू.