नोंदवहीतली नावे आणि बंद दारे

या धर्मग्रामाची, म्हणजे एका कॅथलिक चर्चला जोडलेल्या श्रद्धावंतांच्या समुदायाची, जबाबदारी माझ्याकडे आली त्याला आता अकरा महिने होत आले. बिशपांचे नेमणूकपत्र वाचून दाखवण्यात आले, वेदीसमोर मी विश्वासाची कबुली दिली, किल्ल्या हाती आल्या आणि चर्चच्या कायद्यानुसार मी प्रमुख धर्मगुरू झालो. मात्र त्या दिवशी समोर बसलेल्या माणसांपैकी एकालाही मी नावाने हाक मारू शकलो नसतो. त्यांचा धर्मगुरू व्हायला मला काही मिनिटे पुरली होती, पण त्यांना ओळखण्याची अजून सुरुवातही झाली नव्हती, आणि त्या रात्री मला त्याची खरोखर भीती वाटली.

सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, आम्ही कॅनन कायदा (चर्चचा कायदा) शिकलो तेव्हा ५२९ वे कलम परीक्षेपुरते वाचले होते. येथे आल्यावर ते पुन्हा काढून सावकाश वाचले. प्रमुख धर्मगुरूला आपले कर्तव्य मनापासून पार पाडायचे असेल, तर त्याने आपल्यावर सोपवलेल्या श्रद्धावंतांना ओळखण्यासाठी झटावे, असे त्या कलमाच्या आरंभीच म्हटले आहे. त्यासाठी कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या चिंतांत आणि शोकात सहभागी व्हावे, आजारी आणि मरणासन्न माणसांजवळ जावे, आणि गरीब, पीडित, एकाकी तसेच स्वतःच्या देशातून परागंदा झालेल्या लोकांचा शोध घ्यावा, असे तेथे पुढे सांगितले आहे. यातला ‘शोध’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण शोध घ्यावा लागतो तो समोर नसलेल्याचाच.

पहिल्या काही आठवड्यांत मला कोणाला शोधावे लागले नाही. लोक स्वतःहून येत होते. गायकवृंदातील जुने मतभेद, मिस्सेची (चर्चमधील मुख्य उपासनेची) वेळ, आधीच्या फादरांनी सुरू केलेले आणि बंद केलेले उपक्रम, असे पुष्कळ काही मला ऐकवले गेले. ते सांगणारी माणसे प्रेमळ होती आणि त्यांची तळमळ खरी होती. पण नव्या धर्मगुरूकडे सर्वांत आधी येतो तो बहुधा चर्चमध्ये रुळलेला माणूस असतो, आणि केवळ त्याच्या सांगण्यावरून धर्मग्रामाचे चित्र रंगवले, तर त्या चित्रात जे दूर आहेत त्यांना जागाच उरत नाही. म्हणून मी ठरवले की वर्षभर काहीही बदलायचे नाही, ऐकायचे. हा निर्णय सोपा नव्हता. काही गोष्टी मला पहिल्याच महिन्यात खटकत होत्या आणि त्यांतल्या काही आजही खटकतात.

मला खरी वाट दाखवली ती नोंदवह्यांनी. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामात ठेवल्या गेल्याच पाहिजेत, असे ५३५ वे कलम सांगते. बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदींचा आग्रह तर १५६३ मध्ये चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेनेच धरला होता. बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे समासात त्या माणसाचा दृढीकरण संस्कार, विवाह, गुरुदीक्षा (धर्मगुरूपदाची दीक्षा) किंवा संन्यस्त जीवनाची कायमची व्रते यांचीही नोंद व्हायची असते. विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला, तरी तेथून कळवले जाते आणि ती नोंद मूळ पानावर येते. त्यामुळे एका ओळीत माणसाचे अर्धे आयुष्य सापडते. मी रोज रात्री थोडी थोडी पाने वाचू लागलो. एकाच आडनावाची पाच मुले ओळीने दिसत, आणि मृत्यूच्या वहीत त्यांतली दोन एकाच वर्षी सापडत. काही नावांपुढचे समास पूर्ण कोरे होते. त्यांतली कित्येक माणसे दूर राहायला गेली असतील आणि काहींच्या नोंदी कळवायच्या राहून गेल्या असतील, पण काहीजण याच परिसरात, चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होते आणि कित्येक वर्षांत आत आले नव्हते. ती नावे मी एका वहीत उतरवून घेतली आणि गृहभेटींची सुरुवात त्यांच्यापासून केली.

काही दारे उघडली नाहीत. एका घरी मला उंबऱ्यावरच सांगण्यात आले, “फादर, आमच्या वडिलांच्या आजारपणात आम्ही तीनदा निरोप धाडला होता. तेव्हा कोणी आले नाही.” खरे काय घडले होते, हे शोधण्याचा अधिकार मला होता आणि कदाचित कारणही सापडले असते, पण त्या क्षणी कारण सांगणे म्हणजे त्यांच्या दुःखाशी वाद घालणे झाले असते. मी क्षमा मागितली. चौथ्या भेटीत त्यांनी मला आत बोलावले आणि वडिलांच्या खाटेजवळची जागा दाखवली.

पापनिवेदनाबद्दल, म्हणजे धर्मगुरूजवळ खासगीत पापे कबूल करण्याबद्दल, बाहेरच्या माणसांचा एक समज असतो की धर्मगुरूला सगळ्यांचे सगळे ठाऊक असते, त्यामुळे त्याला लोक लवकर कळतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तेथे ऐकलेले कोणत्याही कारणासाठी उघड करता येत नाही. इतकेच नव्हे, तर उघड होण्याचा धोका अजिबात नसला, तरी त्या माहितीचा त्या माणसाला बाधक ठरेल असा उपयोग करण्यास ९८४ वे कलम मनाई करते आणि धर्मग्रामाच्या कारभारात ती माहिती वापरण्यासही. याचा अर्थ असा की जाळीपलीकडे ज्याचे मन मी ऐकले, तोच दुसऱ्या दिवशी अंगणात भेटला, तर मला त्याला नव्याने भेटायचे असते. तो स्वतःबद्दल जेवढे सांगेल तेवढेच मला ठाऊक असते. ही शिस्त मला आरंभी जड गेली. आता ती लोकांइतकीच मलाही मोकळे ठेवते, असे वाटते.

तिसऱ्या महिन्यात झालेली एक चूक मी विसरणार नाही. एका वृद्ध बाईंच्या अंत्यविधीच्या प्रवचनात मी त्यांचा उल्लेख नोंदवहीतल्या संपूर्ण नावाने, पुनःपुन्हा केला. दफन झाल्यावर त्यांची मुलगी माझ्याजवळ आली आणि न रागावता म्हणाली, “फादर, आईला आयुष्यभर कोणी या नावाने हाक मारली नाही. मला मध्येच वाटले, तुम्ही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताय.” नोंदवही अचूक होती, पण मी त्या घरी आदल्या रात्री बसलो नव्हतो. तेव्हापासून मृत्यूची बातमी आली की आधी घरी जातो, बसतो आणि त्यांना घरात काय म्हणत, हे विचारतो. या एका प्रश्नानंतर बहुतेक वेळा मला दुसरा प्रश्न विचारावाच लागत नाही.

संत जॉन मेरी व्हियानी फेब्रुवारी १८१८ मध्ये आर्स या फ्रान्समधील खेड्यात आले तेव्हा तेथे सुमारे २३० माणसे होती. ती सारी घरे त्यांना पायी फिरता येत होती, आणि १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले. मला एवढी वर्षे मिळणार नाहीत. आमच्या बदल्या होतात, आणि मला त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक घरे आहेत. तरीही, माणसे ओळखण्याचा याहून जवळचा रस्ता मला अजून सापडलेला नाही.

दर रविवारी आणि आज्ञापित सणांच्या दिवशी प्रमुख धर्मगुरूने एक मिस्सा आपल्यावर सोपवलेल्या लोकांसाठी अर्पण करायची असते. पहिल्या रविवारी मी ती अर्पण केली तेव्हा ‘लोक’ हा माझ्यासाठी एक शब्द होता. आता त्या वेळी डोळे मिटले की कोणाचा तरी खोकला ऐकू येतो, कोणाची तरी रिकामी खुर्ची दिसते, उंबऱ्यावरचा तो आवाज आठवतो. माझ्या वहीत अजून पुष्कळ नावांपुढची जागा कोरी आहे. त्यांतल्या दोन घरी उद्या संध्याकाळी जायचे आहे.