क्रीडाशिक्षक तयार करताना: माझा अनुभव

५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल इतकी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्याच्या दोन-तीन पीटीच्या तासांत हा हिशोब बसत नाही. म्हणून क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात मी सगळ्यात आधी स्टॉपवॉच हातात देतो.

एका मुलावर नजर ठेवायची. तो थांबला की घड्याळ बंद, हलला की सुरू. लांब उडीला ५० मुलांची एकच रांग आणि प्रत्येकाला २० सेकंद, तर दुसरी पाळी यायला जवळपास १७ मिनिटं जातात. आपल्याच तासाचा आकडा समोर आला की १०-१० मुलांचे पाच गट करण्याबद्दल वाद उरत नाही: एक गट उडीला, बाकीचे दोरी, लंगडी, चेंडूफेक आणि शटल रनला (दोन खुणांमध्ये ये-जा धावणं).

खरी कसोटी पुढे आहे. बहुतेक क्रीडाशिक्षक सगळं एकट्याने ओढतात. मग तालुका स्पर्धांना संघ घेऊन गेले की मागे शाळा ठप्प! यासाठी वर्गशिक्षकांना सामील करून घ्यायला शिकवावं लागतं. दोन तासांच्या मध्ये पाच मिनिटं, बाकं न हलवता: जागच्या जागी चालणं, बाकाला धरून टाचा उचलणं, पाढ्यांच्या तालावर हात वर-खाली. स्टाफ मीटिंगमध्ये फर्मान काढलं तर कुणी करत नाही. क्रीडाशिक्षकाने त्या वर्गात जाऊन दोन-तीनदा सोबत करून दाखवलं, की बहुतेक जण पुढे चालवतात.

मधल्या सुट्टीत खेळ घ्यायला नववीतली मुलं-मुली नेमा, आठवड्याची पाळी लावून. साहित्य थोडंच पुरतं, १० दोऱ्या आणि ४ चेंडू, पण ते कपाटात कुलूपबंद नको. किल्ली सापडत नाही एवढ्यावरून चांगले उपक्रम बंद पडलेले मी पाहिलेत. चुन्याच्या रेघा पहिल्या पावसात जातात, म्हणून सिमेंटच्या जागेवर ठिकरीचे चौकोन ऑइल पेंटने आखा. सहावी-सातवीपासून मुली मैदानाच्या कडेला सरकतात, कारण मधला भाग मुलांच्या क्रिकेटने अडवलेला असतो. आठवड्यातले दोन दिवस तो भाग मुलींसाठी ठेवा आणि ते वेळापत्रकात छापा. तोंडी सांगितलेलं चार दिवसही टिकत नाही.

खेलो इंडिया या सरकारी कार्यक्रमातल्या तंदुरुस्तीच्या चाचण्या घेताना वजन किंवा ६०० मीटरची वेळ रांगेत मोठ्याने वाचू नका. ज्या मुलाला खेळात आणायचं, नेमका तोच त्या दिवसापासून पोटदुखीची चिठ्ठी आणू लागतो.