बॅटरी बदलण्याआधी एकदा मल्टिमीटर लावा

गाडी सेल्फ घेत नसली की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एकच सल्ला मिळतो: बॅटरी गेली, नवी टाका. बाबांची छोटी पेट्रोल गाडी रविवारी लावली की बुधवारी नुसती टकटक करायची, तेव्हा मलाही तोच मिळाला. पण बॅटरी जेमतेम वर्षाची. चांगली बॅटरी भंगारात घालणं मला पटत नाही, म्हणून तापकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारातून, आणलेला मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचं यंत्र) काढला.

बॅटरी सोडवून पूर्ण चार्ज केली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी 12.6 व्होल्ट, म्हणजे ती चार्ज धरते. परत जोडून इंजिन चालू केलं तर 14.2, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक. मग गाडी बंद असताना कोणीतरी करंट खात होतं.

ते शोधायला धीर लागतो. निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि मीटर, त्याच्या 10 अँपिअरच्या खोबणीत वायर घालून, बॅटरी आणि सुटलेली केबल यांच्या मधे जोडायचा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, त्याचा फ्यूज उडतो. दार उघडं ठेवून फ्यूजपर्यंत हात पोचतो, पण दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने आधीच बंद करून ठेवायचं, नाहीतर दार उघडं आहे असं समजून गाडी झोपतच नाही. मग अर्धा तास थांबायचं. गाडीतले सगळे कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, झोपले की आकडा साधारण 0.05 अँपिअरच्या खाली यायला हवा.

आमचा 0.42 वर अडून बसला. दिवसाला दहा अँपिअर-तास! 35 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत आडवी होणारच.

एकेक फ्यूज काढत गेले. म्युझिक सिस्टिमचा काढला आणि आकडा 0.02 वर आला. बाहेरच्या दुकानातून बसवून घेतलेल्या मोठ्या स्क्रीनची लाल वायर, किल्ली फिरवल्यावर सप्लाय येतो त्या लाइनऐवजी कायम चालू असलेल्या लाइनला जोडली होती. पडदा काळा दिसायचा, पण आतून स्क्रीन रात्रभर जागी. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने वायर योग्य लाइनवर घेतली आणि बॅटरी तीच राहिली.

डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर नंतर बसवला असेल, तर त्याचा फ्यूज सगळ्यात आधी काढून बघा. आणि गाडी फक्त डेक्कनपर्यंत जाऊन येत असेल, तर आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या रस्त्यावर न्या. सिग्नलला थांबत थांबत बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही.