या वयात कसलं काउन्सिलिंग?

"आता या वयात बोलून काय होणारे" हे वाक्य म्हातारं माणूस स्वतः म्हणतं, मुलं म्हणतात, आणि वाईट म्हणजे कधीकधी डॉक्टरपण म्हणतात. गंमत अशी की याची सुरुवात पार फ्रॉईडपर्यंत, म्हणजे बोलून उपचार करण्याची पद्धत रुजवणाऱ्या डॉक्टरपर्यंत जाते. डिसेंबर १९०४ मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांपुढे बोलताना त्याने सांगितलं की पन्नाशीच्या आसपास नि त्यापुढे मन लवचिक राहत नाही, शिवाय आयुष्यभराचं एवढं साठलेलं असतं की उपचार संपायचेच नाहीत. तेव्हा साहेब स्वतः ४८ चे होते! आणि १९३९ मध्ये ८३ व्या वर्षी गेले तोवर लिहीतच होते. त्याच्याच गोटातल्या कार्ल अब्राहमने १९१९ मध्ये पन्नाशीपुढच्या पेशंटांवरून लिहिलं, की पेशंटच्या वयापेक्षा दुखणं कोणत्या वयात सुरू झालं ते जास्त महत्त्वाचं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते पहिलंच.

सासूबाईंसाठी थेरपिस्ट शोधायची वेळ आली तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलेय, म्हणून हे एवढं लिहितेय.

म्हातारपणातलं डिप्रेशन पटकन ओळखू येत नाही कारण "मला उदास वाटतंय" असं कोणी म्हणतच नाही, गुडघे दुखतात, झोप नाही, जेवण नको वाटतं असंच सांगतात, आणि ही सगळी लक्षणं वयामुळेही असू शकतात. म्हणून १९८२ च्या सुमारास म्हाताऱ्यांसाठी एक वेगळी प्रश्नावली बनवली गेली, ३० प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही, आणि त्यात झोप-भूक-दुखणी हे मुद्दामच नाही ठेवलं. कंटाळा येतो का, आयुष्य रिकामं वाटतं का, अशा थाटाचे प्रश्न. दुसरा घोळ विसरण्याचा. डिप्रेशनमध्येही माणूस विसरतो, आणि बऱ्याचदा असा माणूस स्वतःच "मला काही आठवत नाही" म्हणून तक्रार करत असतो, उलट डिमेन्शियावाल्याला (स्मरणशक्ती नि समज हळूहळू ढासळत जाण्याचा आजार) अनेकदा आपण विसरतोय हेच कळत नाही. अर्थात हे घरी बसून ठरवायचं काम नाही, दोन्ही एकत्रही असू शकतं, नीट तपासणीच लागते.

या वयाचं काम करणारा सायकॉलॉजिस्ट पहिल्याच भेटीत ओळखू येतो असं माझं मत झालंय. तो स्वतःच्या तोंडावर उजेड पडेल असा बसतो म्हणजे कमी ऐकू येणाऱ्याला ओठ दिसतात, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारतो, एका वेळी एकच मुद्दा घेतो आणि शेवटी काय ठरलं ते मोठ्या अक्षरात लिहून हातात देतो. आणि मुख्य म्हणजे तो प्रश्न आजोबांना विचारतो, शेजारी बसलेल्या मुलीला नाही. हे शेवटचं जमत नसेल तर बाकी डिग्र्या कितीही असोत, दुसरा बघा.

खोलीत काय चालतं तर बरंचसं साधं असतं. एक अडचण निवडायची, तिचे तुकडे करायचे, या आठवड्यात त्यातलं काय करून बघू. किंवा नात्यांवर काम करणारी थेरपी, जिचे चार विषय म्हणजे कोणाचं जाणं, कोणाशी वाद, भूमिका बदलणं नि एकटं पडणं, म्हणजे जवळजवळ अख्खं म्हातारपणच झालं की. जुन्या आठवणी काढण्यालाही जागा आहे. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं की मागे वळून हिशोब लावणं हे त्या वयाचं स्वाभाविक काम आहे, त्याआधी हेच मेंदू थकल्याचं लक्षण समजायचे.

आता आजारी माणसाचं करणाऱ्यांबद्दल, आणि इथे मला जास्त बोलायचंय. घरात एक माणूस आजारी असतं आणि एकच कोणीतरी, बहुतेक वेळा सून, मुलगी किंवा बायको, सगळं बघत असतं, आणि बाकीची भावंडं फोनवरून सल्ले देतात. तिला हवी स्वतःची वेगळी थेरपी, आजारी माणसाच्या सेशनमधली शेवटची पाच मिनिटं नव्हे. कारण तिला जे बोलायचंय ते त्या माणसासमोर बोलताच येत नाही. राग येतो, किळस येते, एखाद्या रात्री "सुटले तर बरं" असं मनात येऊन जातं आणि मग दोन दिवस स्वतःचीच लाज. थेरपिस्टला हे नवीन नसतं. करणाऱ्यावर किती भार पडतोय हे बघायला झारिट नावाची एक २२ प्रश्नांची यादी वापरतात, तीत त्या माणसाजवळ असताना राग येतो का हे सरळ विचारलेलं आहे. तो प्रश्न छापलेला बघूनच मला हायसं वाटलं होतं.

१९९९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला, जोडीदाराचं करणाऱ्या वयस्कर लोकांचा. करताना ज्यांच्यावर ताण होता त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचा धोका, असं कोणाचं करावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला, पण ताण नसलेल्यांत अशी वाढ दिसली नाही. म्हणजे मारतो तो ताण, आणि त्यावर काम करता येतं. लंडनमध्ये डिमेन्शियावाल्यांच्या घरच्यांसाठी आठ सेशनचा एक कार्यक्रम तपासला, त्याचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकून होता. त्यात नुसतं "स्वतःसाठी वेळ काढा" नव्हतं (हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं, कुठून काढू?), तर तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला की काय करायचं, मदत नेमकी कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत मागायची, पुढचे वैद्यकीय निर्णय कधी बोलून ठेवायचे, असं ठोस.

डिमेन्शियात अजून एक होतं, माणूस समोर असतं पण आपलं माणूस गेलेलं असतं. पॉलीन बॉस या अमेरिकन थेरपिस्ट-संशोधक बाईने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांवर काम केलं होतं, ना मेल्याची खात्री ना परत यायची, आणि पुढे तिने तेच डिमेन्शियाच्या घरांना लावलं. अशा दुःखात कोणी भेटायला येत नाही, कारण गेलंय कोण?

आणि माणूस खरंच गेल्यावर थेरपी लगेच बंद करू नका. सुटल्यासारखं वाटणं नि त्याचं अपराधी वाटणं हे तेव्हाच जोरात वर येतं, आणि आतापर्यंतचं तुमचं अख्खं टाइमटेबलच नाहीसं झालेलं असतं. बहुतेकांचं दुःख हळूहळू ओसरतं, पण सहा महिने ते वर्ष उलटूनही रोजचं जगणंच अडलेलं असेल तर आता त्याचं वेगळं निदान आहे आणि त्यासाठीची वेगळी थेरपीसुद्धा आहे. हे थेरपिस्टशी आधीच बोलून ठेवलेलं बरं, नंतर फोन उचलायचंही त्राण नसतं.