पॅट्रिकपासून पंच हौदापर्यंत, तिघींची पायी वारी

२०२५ च्या पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीचा गुरुवार), १७ एप्रिलला, संध्याकाळचं ऊन उतरल्यावर आम्ही तिघी चालायला निघालो. त्या रात्री चर्च-चर्च पायी फिरायची कॅथलिक लोकांची जुनी रीत आहे, रोममधली सात चर्चची फेरी संत फिलिप नेरींनी सोळाव्या शतकात लोकांमध्ये रुजवली, आणि आमच्या शेजारच्या आँटी दरवर्षी पुण्यात आपली फेरी करतात. मी सीएनआयची, म्हणजे प्रोटेस्टंट उत्तर भारतीय मंडळीची, मी म्हटलं आँटी या वेळी मी पण येते, आणि माझी ऑफिसमधली मैत्रीण, खडकीत वाढलेली मल्याळी ऑर्थोडॉक्स, तीही पहाटेची कुर्बाना (त्यांची प्रभुभोजनाची उपासना) करून आलेली. आँटींचे गुडघे बघता सातची पाच केली.

मनात एक कारण होतं. निकेयाच्या धर्मसभेला (इ.स. ३२५) त्या वर्षी १७०० वर्षं होत होती आणि योगायोगाने पूर्वेकडच्या-पश्चिमेकडच्या सगळ्या मंडळ्यांचा ईस्टर एकाच दिवशी आला होता. म्हणून ठरवलं की प्रत्येक चर्चपाशी थांबून निकेयाचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची जुनी कबुली, तिघींनी एकत्र म्हणायचा. तिघींच्याही उपासनेत आहेच की तो.

सेंट पॅट्रिकला मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) झाल्यावर बाहेर झाडाखाली उभं राहून सुरुवात केली. छान चाललं होतं, पवित्र आत्म्याच्या ओळीपर्यंत आलो, मी आणि आँटी "पिता व पुत्र यांपासून निघतो" म्हणालो आणि मैत्रीण मधेच गप्प झाली. मग म्हणाली, अगं आमच्यात फक्त "पित्यापासून" आहे. तिचं बरोबर होतं, निकेयाचा मतांगीकार ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत ज्या रूपात आला त्या मूळ मजकुरात तेवढंच आहे, "व पुत्र" हे पश्चिमेकडे नंतर जोडलं गेलं आणि त्यावरून शेकडो वर्षं भांडणं झाली, पूर्व-पश्चिम चर्चच्या १०५४ च्या फुटीतही हा मुद्दा होता. पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि शेजारी उभं असलेलं माणूस त्या शब्दाला थांबतं ते वेगळं, मला खरंच गलबलून आलं.

तिथून सेंट मेरीज. १८२५ सालचं, बिशप हेबर यांच्या हस्ते अर्पण झालेलं, आणि "पवित्र, पवित्र, पवित्र" हे गीत मूळ इंग्रजीत लिहिलं ते याच बिशपनी, त्याच्या नेहमीच्या चालीचं नावसुद्धा निकेया! आँटी म्हणाल्या, बाळा हे तर आम्हीपण गातो. मग सेंट पॉलकडे जाताना त्या लहानपणचं सांगायला लागल्या, तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायचा, १९६३ ला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेला वाट करून दिली आणि मग हळूहळू सगळं कळायला लागलं. पण त्या लॅटिनमध्येही "किरिये एलेइसोन" ग्रीकच होतं. मैत्रीण लगेच म्हणाली आमच्या मल्याळममध्येही "कुरिएलायिसोन"च म्हणतात! आणि मी लहानपणापासून "प्रभो दया कर" म्हणत आले, तेच ते.

सिटी चर्चला रांगा होत्या. १७९२ मध्ये सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी दिलेली ही जागा. आषाढात दोन्ही पालख्या मुक्कामाला येतात ते नाना पेठ, भवानी पेठ इथून जवळच. आमच्यात ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांचे अभंग म्हणायची पद्धत आहे, तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, म्हणून मला त्या गल्ल्यांतून चालताना परकं असं कधी वाटलंच नाही.

एक गोष्ट मात्र दुखते. लहानपणी एका कॅथलिक लग्नात मी तेव्हाच्या एका मैत्रिणीच्या मागे ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची पवित्र भाकर) घ्यायच्या रांगेत उभी राहिले आणि मला बाजूला काढलं, इतर मंडळ्यांच्या लोकांना ते देत नाहीत असा नियम आहे तो, आजही आहे, आणि आँटींनाही त्याचं वाईट वाटतं. पण आमच्याच घरात आजी पंच हौदची अँग्लिकन, गुडघे टेकून प्रभुभोजन घेणारी, आणि आजोबा नगरकडच्या मराठी मिशनचे, बसून घेणारे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारतीय मंडळी झाली तेव्हा कुठे दोघांची मंडळी एक झाली. आजी सांगायची, पहिल्या रविवारी आजोबा तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले, कुणी न सांगता.

पंच हौदला पोचेस्तोवर रात्र झालेली. याच मिशनमध्ये १८९० ला मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक, रानडे यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं, आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन कटिंग तिघींत घेतले. मग मनोऱ्याखाली शेवटचा मतांगीकार. ती ओळ आली तेव्हा मी "पित्यापासून" म्हणून थांबले, आँटींनी "व पुत्र" हळूच म्हटलं कारण त्यांच्या आईने तसंच शिकवलेलं, मैत्रीण त्यांच्याकडे बघून हसली आणि त्यांचा हात धरला, आणि "पिता व पुत्र यांच्यासह त्याची आराधना व गौरव होतो" हे आम्ही तिघींनी एका सुरात म्हटलं.