खळखळाटाची हौस

पास्ता शिजवायचा म्हणजे पातेलंभर पाणी, मोठा गॅस आणि दणदणीत खळखळाट. पाणी जोरात उसळत असेल तरच आत काहीतरी शिजतंय अशी आपली खात्री पटते. त्या उसळण्याचा शिजण्याशी फारसा संबंध नसतो, हे मात्र पटता पटत नाही.

उकळी फुटली की पाणी हट्टाला पेटतं. मुंबईत १०० अंश, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६. उघड्या पातेल्यात त्यापुढे सरकायचं नाव नाही. आच वाढवली की वाढते ती फक्त वाफ, आणि वाफ हे महागडं प्रकरण आहे. नळाचं एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट ते सगळं उडवून टाकायला लागते. मोठ्या गॅसवर आपण पास्त्यापेक्षा खिडकीची काचच जास्त शिजवत असतो.

गव्हातला स्टार्च तर साठेक अंशांपासूनच पाणी पिऊन फुगायला लागतो. २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसी यांनी म्हणूनच पुढच्या वर्षी एक युक्ती उचलून धरली: पास्ता सोडल्यावर थोड्या वेळाने गॅस बंद करायचा, झाकण ठेवायचं आणि उरलेलं काम गरम पाण्यावर सोपवायचं. इटलीत गदारोळ! अशाने पास्ता चिवट होतो, असं तिथल्या काही शेफमंडळींचं म्हणणं. आच काढून झाकणाखाली भात मुरवणाऱ्या आपल्या घरांत एवढा गहजब झाला नसता. अर्थात पहिली दोन मिनिटं पास्ता चिकट असतो, तेव्हा तो हलता ठेवावा लागतो. पण त्यालाही डाव पुरतो.

मिठाबद्दलही असाच एक समज आहे. मीठ टाकताक्षणी पाणी फसफसतं, म्हणून मिठाने ते लवकर उकळतं असं वाटतं. खरं म्हणजे मिठाच्या कणांवर बुडबुड्यांना धरायला जागा मिळते, एवढंच. लिटरला दहा ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू उलट वाढतो, तोही पाव अंशापेक्षा कमी. मीठ चवीसाठीच.

आता उतू जाणं. नुसत्या पाण्याचे बुडबुडे वर येतात आणि फुटतात. पास्त्यातला स्टार्च पाण्यात उतरला की बुडबुड्यांची कातडी जाड होते. ते फुटत नाहीत, एकमेकांवर चढतात आणि झाकण उचलून बाहेर येतात. आडवा ठेवलेला लाकडी चमचा वर येणारे थोडे बुडबुडे फोडतो, पण आच तशीच ठेवली तर तोही हरतो. चमचाभर तेलाने फेस बसतो खरा, पण मग सॉस पास्त्यावरून घसरतो. माझ्या मते ते तेल वायाच. त्यापेक्षा गॅस बारीक करावा.

आणि शेगडी बरबटवणारा हाच स्टार्च सॉसमध्ये कामाचा. गाळताना राखून ठेवलेलं दोन डाव पाणी घातलं की तेल वेगळं सुटत नाही, सॉस मिळून येतो. आमच्याकडे मात्र हे पाणी आधी सिंकमध्ये जातं, आणि मग सॉस दाट करायला फ्रीजमध्ये क्रीमची शोधाशोध सुरू होते.